मालवणचा नारळ, ढिल्लनची होडी

हेवा काय असतो ते मला विचारा. आम्ही चंदीगडला बदलीवर होतो तेव्हाची गोष्ट. पंजाबात दहशत, धंदे ठप्प, आणि कुणा शहाण्याने सुखना तलावावर होड्यांचं प्रदर्शन भरवलेलं. बघायला झुंबड, घेणारा एकच, आमचा शेजारी ढिल्लन. जन्मात समुद्र न पाहिलेला! आणि मी मालवणचा, माझ्याकडे काय, तर स्कूटर.

वर मलाच म्हणतो, "यार, तुम समंदरवाले हो, पूजा तुम ही करो."

बायकोने गावाहून आणलेला शेवटचा नारळ पिशवीत घातला. गेटवरच्या जवानाने तो कानाशी धरून हलवला, मग आम्हाला आत सोडलं.

आमच्याकडे लाकडी होडीच्या तोंडावरच नारळ फोडतात. मी सवयीने तसाच हाणला. ही होडी निघाली फायबरची. नारळ शाबूत, होडीला हाताएवढी भेग!

विक्रेता पांढराफटक पडला. एकुलतं गिऱ्हाईक जाईल या भीतीने म्हणाला, "ढिल्लनसाब, उसी दाम में बडी वाली ले जाओ. इंजन मेरी तरफ से."

ढिल्लनने मला कडकडून मिठी मारली.

परतताना स्कूटरवर मागून बायको म्हणाली, "अहो, एवढे जळत होतात, तर नारळ जरा हळू मारायचा."