चिखलात बसलेली 'हेरॉन'

क्लिफर्ड : ढकलून काय होणार, थेल्मा? वीस टनांचं बोटीचं धूड आहे हे. तो वासा मोडेल, नाहीतर तू मोडशील.

थेल्मा : मग नुसती बघत बसू? रात्री झोपलो तेव्हा पाण्यात होतो आपण! सकाळी चहाचा कप घेऊन वर येते तो काय, कालव्यात पाणीच नाही. मासे तडफडताहेत चिखलात.

क्लिफर्ड : पुढच्या वळणाशी बांध फुटलाय. बिज्जूंनी बिळं करून करून आतून पोखरला होता. सगळं पाणी खालच्या शेतात गेलं.

थेल्मा : ते ऐकलं मी. पाणी परत कधी सोडणार?

क्लिफर्ड : विचारलं त्या कालव्याच्या माणसाला. म्हणाला, ख्रिसमसच्या आत झालं तर देव पावला समजा.

थेल्मा : ख्रिसमस! आणि बोटींचा मेळावा आज संपतोय. ब्रॉन्स्टनच्या काठावर माझी बहीण 'हेरॉन'ची वाट बघत खुर्ची टाकून बसलीय, क्लिफ. त्या वृद्धाश्रमाच्या बाईच्या हातापाया पडून आजचा एक दिवस मिळवला होता.

क्लिफर्ड : तू टॅक्सीने जा. मला हलता येणार नाही. ही अशी कललेली. एकाएकी पाणी आलं तर चिखलातून सुटायची नाही आणि आत पाणी भरेल.

थेल्मा : थांब, तिचाच फोन. स्पीकरवर टाकते... रोझी?

रोझिना : कुठे मेलात गं? इथे बँड वाजवून वाजवून दमला. सगळ्या बोटी येऊन लागल्या. एक आली की मी आश्रमाच्या पोरीला विचारते, नाव काय, नाव काय. ती वाचते. त्यात आपली 'हेरॉन' नाहीच.

थेल्मा : रोझी, आम्ही... आम्ही अडकलोय. बांध फुटला. कालवा कोरडा पडलाय.

रोझिना : किती लांब आहात?

क्लिफर्ड : गाडीने अर्धा तास, रोझी. बोटीने... बोटीने येणं नाहीच आता.

रोझिना : हं.

थेल्मा : मी टॅक्सी करून निघते. लगेच.

रोझिना : तू येऊन काय करणार? तुझं तोंड मला दर रविवारी दिसतं. म्हणजे दिसत नाही, पण कळतं. मला 'हेरॉन' हवी होती.

क्लिफर्ड : मग तुलाच इकडे आणू या. पुलापर्यंत गाडी येते. तिथून पायवाटेने मी उचलून आणीन तुला.

रोझिना : तुझ्या त्या कमरेनं? मेहुणेबुवा, मग दोघांनाही उचलायला माणसं लागतील. विचारलं मी या पोरीला आत्ताच. नाही म्हणतेय. तिचीही नोकरी आहे बिचारीची. चारला परत न्यायला व्हॅन येतेय.

थेल्मा : आपण पुढच्या वर्षी...

रोझिना : पुढच्या वर्षी, थेल्मा?

(थेल्माला रडू फुटतं.)

रोझिना : रडू नकोस. लहानपणी लॉकच्या, पाणी अडवणाऱ्या दारात बोट अडकली की अशीच भोकाड पसरायचीस. बाबा म्हणायचे, हिला इथेच सोडा, कालवा आपोआप भरेल.

क्लिफर्ड : माझंच चुकलं, रोझी. शुक्रवारी रंगाचा शेवटचा हात देत बसलो. एक दिवस आधी निघालो असतो तर बांध फुटायच्या आत पार झालो असतो.

रोझिना : तू ती बुडालेली बोट गाळातून काढलीस, दुरुस्त करत इतकी वर्षं खपलास. कोण तुला बोलणार? बिज्जूंना जाऊन सांगायचं का आता? थेल्मा, तू कुठे उभी आहेस?

थेल्मा : मागच्या डेकवर.

रोझिना : केबिनमध्ये जा. मी जन्मले तिथे.

(थेल्मा वाकून आत उतरते. जमीन तिरकी झाल्यामुळे तिला दाराला धरून उभं राहावं लागतं.)

थेल्मा : आले.

रोझिना : डावीकडे शेगडी. तिच्या मागे उभी फळी आहे, खांद्याइतकी उंच. तिच्या कडेवर हात फिरव. आई दर वाढदिवसाला आमची उंची मोजून चाकूने खाच करायची. माझी सगळ्यात वरची, तिरकी. तिचा हात हलला होता. सापडली?

थेल्मा : शोधतेय.

रोझिना : शेगडीकडून चाचपत ये. सापडली?

थेल्मा : क्लिफ...

क्लिफर्ड : (हळू) ती फळी पार कुजली होती गं. हातात भुगा आला. मला काय माहीत त्यावर...

थेल्मा : शूऽ.

रोझिना : काय म्हणतोय तो?

थेल्मा : रोझी, ती फळी नाहीये. कुजली होती. त्याने ओकची नवी बसवलीय. खाच नाही.

(फोनमधून मेळाव्याचा गलका ऐकू येतो.)

थेल्मा : रोझी? आहेस ना?

रोझिना : आहे. बोट आलीच असती तर इथे सगळ्यांसमोर चाचपडत बसले असते. बरं झालं.

थेल्मा : असं नको ना म्हणूस.

रोझिना : नवी फळी चांगली घासलीय का त्याने? कुसळ-बिसळ?

थेल्मा : नाही. गुळगुळीत आहे. गालाला लावावी अशी.

रोझिना : हात आहे ना अजून तिच्यावर?

थेल्मा : हो.

रोझिना : राहू दे तसाच. व्हॅन यायला वेळ आहे अजून.