बसायला जाणारा माणूस

बंधूंनो, मायबहिणींनो,

संपतदादांच्या शोकसभेला विहाराचं अंगण भरून माणसं रस्त्यावर उभी आहेत. दादांच्या मागे राहिलेल्या कौसल्यावहिनी समोर बसल्या आहेत. त्यांच्याकडे पाहून बोलणं मला जमणार नाही, म्हणून मी या टेबलाकडे पाहून बोलतो. राग मानू नका, वहिनी.

हे टेबल संपतदादांनी केलेलं. तो बाक त्यांचा. शाळेच्या फळ्याची चौकट त्यांची. पाटलांच्या नातवाचा पाळणा, दर्ग्याचं दार, आपल्या सुलतानपुरातल्या निम्म्या घरांतले पाट, सगळं त्यांच्या हातचं. सुताराच्या घरी जन्म नाही, गुरू नाही, रंधासुद्धा पहिल्यांदा मागून आणलेला. मीही विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी खोलून-खोलूनच माझं काम शिकलो. स्वतः शिकलेल्या माणसाला चुकीचं बोललेलं खपत नाही, म्हणून मघाच्या भाषणांतल्या दोन चुका दुरुस्त करतो.

पहिली. दादांचं ते बसकं स्टूल सागवानी होतं, असं इथं कोणी म्हणालं. नाही. कडुनिंबाचं आहे. वीतभर उंच, पाय तीन. तीनच का, हे मी त्यांना विचारलं होतं. म्हणाले, "चार पायाचं डगमगते बे. तीन पायाचं कुठंई टेकते. अन् मयताच्या घरची जमीन कधी सपाट असते का?"

दुसरी चूक मोठी आहे. कोणी त्यांना समुपदेशक म्हटलं. दादा समुपदेशक नव्हते. दादा बसायला जायचे.

आपल्याकडे कोणी गेलं की सगळेच बसायला जातात. घर भरून जातं. पंधरा दिवसांनी घर मोकळं होतं, चुली आपापल्या पेटतात. दादा तेव्हा निघायचे. काखेत स्टूल. कोणाचंही घर असो, निळा झेंडा असो की भगवा.

पाटलांचा थोरला लेक रस्त्यावर अपघातात गेला, आठवतं? त्याची माय बोलेना. दादा तिथं ओसरीखाली अंगणात बसले. आपल्या बापजाद्यांना त्या घरात तिथपर्यंतच जागा होती, हे म्हाताऱ्यांना सांगायला नको. रोज सकाळी जाऊन बसले. शब्द काढला नाही. एक दिवस पाटलीणबाई स्वतः पायऱ्या उतरल्या आणि त्यांच्यासमोर मातीत बसल्या.

"संपत, तू काहीच काऊन बोलत नाही रे?"

"माय, बोलल्यानं तो येत असता त म्या बोंबलून गाव जागं केलं असतं."

तेव्हा त्या माऊलीला पहिल्यांदा रडू आलं.

पुढे शहरातली एक संस्था गावात आली. मन कसं मोजायचं, कसं सांभाळायचं, ते शिकवायला. शिकवणारी ताई मनाने चांगली होती, हे मी मुद्दाम सांगतो. तिने सगळ्यांना डोळे मिटायला लावले. श्वास येतो, श्वास जातो, पाहत राहा. हे नवं तंत्र आहे म्हणाली. दादा हळूच बोलले, "ताई, हे इकडूनच गेलतं. वापस आलं, बरं झालं. पण एकलंच आलेलं दिसते. करुणा मांगं राह्यली काय?"

सगळे हसले. दादा हसले नाहीत.

मंडळी, मी औषधाच्या विरोधात नाही. दादाही नव्हते. आपल्या गल्लीतल्या एका तरण्या माणसाला भिंतीतून आवाज यायला लागले. बाप त्याला देवऋषीकडे नेत होता. दादांनी बापाला वाटेत अडवलं, दोघांना एसटीत बसवलं, बुलढाण्याला डॉक्टरकडे नेलं. मग दवाखान्याच्या व्हरांड्यात तेच स्टूल टाकून बसून राहिले. गोळीने त्या माणसाला झोप आली, तो बरा झाला. पण जागेपणी त्याच्याजवळ कोण होतं?

माझं भांडण एवढंच आहे. बाहेरच्या शास्त्राने मन एकेकट्याच्या डोक्यात ठेवलं. आपल्याकडे ते घराचं असतं, गल्लीचं असतं. त्याच्या त्रासाला आपण दुःख म्हणतो. तथागतांनी जगाकडे पाहून पहिलं सत्य तेच सांगितलं. मग दुःखाला आजाराचं नाव देऊन एकट्या वहिनींना औषध पाजायचं आणि बाकीच्यांनी घरी जायचं, हे मला पटत नाही.

हो, मी वहिनींचंच बोलतोय. राहुल, बाळा, तू पुण्याहून आलास. आईच्या काळजीपोटीच तू मोबाइलवरचे ते प्रश्न तिला विचारलेस. झोप लागते का? खावंसं वाटतं का? कशात मन रमतं का? मी दारातच होतो. ती म्हणाली, "बापू, तुहा बाप मेला ना रे. मंग काय सांगू तुह्या मोबाइलले?"

ती रोज सकाळी त्या स्टुलाजवळ चहाचा कप ठेवते. तू त्याला लक्षण म्हणतोस. उद्याच्या गाडीने तिला पुण्याला नेऊन डॉक्टरला दाखवणार आहेस. नेऊ नको म्हणायचा हक्क मला नाही, तू तिचा लेक आहेस. पण तिथं चौथ्या मजल्यावर, तू कामावर गेल्यावर, ती कप कोणाजवळ ठेवेल?

तिला थोडे दिवस इथं राहू दे. अन्नपाणी सुटलं, जीव नकोसा झाल्याचं बोलली, तर तुझी वाट न पाहता मी तिला बुलढाण्याला नेईन, हा सगळ्यांसमोर शब्द देतो. तोवर आम्ही बसू. पण गावकऱ्यांनो, खरंच बसू का? जो सगळ्यांकडे बसायला गेला, त्याच्या घरी बसायला आपल्यातलं कोण जाणार? मी उद्या सकाळी जातोय. स्टूल मागणार नाही. खालीच बसेन.

आता श्रद्धांजलीसाठी उभे राहू नका. दादांना उभ्या-उभ्याचं काही आवडत नव्हतं. रस्त्यावरच्यांनीही आहात तिथंच खाली बसा, बसूनच शांत राहू.

त्याआधी एक गोष्ट. वहिनींनाही ती ठाऊक नाही. त्या संस्थेने दादांना बसायला जाण्याचीच नोकरी देऊ केली होती. दिवसाला ठरावीक घरं, प्रत्येक घरी वीस मिनिटं. मी शेजारी उभा होतो. दादा म्हणाले, "बसाचे पैसे घेतले की उठाची घाई होते." आणि रंधा उचलून कामाला लागले. महिन्याला अठरा हजार रुपये देत होते.