शांतप्पाचं भिजलेलं पुस्तक

चहा प्या, पण शांतप्पाबद्दल मला शहाणपण शिकवू नका. तो ख्रिस्ती झाला आन् दर रविवारी बायबल घेऊन माझ्या कट्ट्यावर यायला लागला.

"कामून यायलास रे? चालता हो."

"अण्णा, एक पान ऐक, मग जातो."

एकदा रागानं मी त्या पुस्तकावर तांब्याभर पाणी ओतलं. त्यानं पानं उन्हात पसरली. "आता वाळेपर्यंत बसावं लागतंय की," म्हणला आन् वाचायला लागला. गावानं त्याला पाणी बंद केलं, तरी आला.

मागच्या महिन्यात मेला. खांदा द्यायला गावातलं कुणी गेलं न्हाई. मीबी न्हाई.

परवा त्याची बायको तेच फुगलेलं पुस्तक घेऊन आली. "तुम्हाला द्या म्हणले व्हते."

"अक्का, मला अक्षर दिसत न्हाई."

"व्हय, त्यांना ठाऊक व्हतं. म्हणून तर वाचून दाखवायला येत व्हते."