काचेवरचं खोबरेल

धारगळच्या गॅरेजात स्कूटरचं पंक्चर निघेपर्यंत अविनाश पत्र्याखाली बसला होता. समोर एक बाई आपल्या टॅक्सीची पुढची काच साबणानं घासत होती आणि तिचा दीर, तोही टॅक्सीवालाच, शेजारी उभा राहून तिच्याशी भांडत होता. अविनाशनं पेपर उघडला, पण वाचला नाही.

"वैनी, खोबरेल कित्याक पुसतंस? पाणी काचेवर राहू नये म्हणून परवा मीच लावलंय."

"काल हरमलच्या वळणावर ट्रक आला समोरून. नुसते दिवे पसरलेले दिसले, रस्ता दिसलाच नाही."

"म्हणून सांगतंय, पावसात गाडी चालवणं बायकांचं काम न्हय. घरी बस."

"भावजी, तेल एवढं गुणाचं, तर तुमच्या काचेला का नाही लावलंत?"

"माझे वायपर बरे आसत."

"माझेही बरे होते, तेल लागेपर्यंत."

"आणि ह्या बाटलीत काय गो?"

"काचेचं औषध. कोरड्या काचेवर फडक्यानं गोल चोळलं की पाण्याचे थेंब पळत सुटतात."

"स्टँडावर सगळे हसतले तुका."

"हसू देत. थोडं उरेल, ते तुमच्या काचेला लावून देते. उद्या मी तुम्हाला मागे टाकून जाईन, ते नीट दिसायला नको?"