गादी, बादली आणि आरसा

बसच्या रांगेत माझ्यापुढे एक गुंडाळलेली गादी उभी होती. तिला मिठी मारून एक कॉलेजातली मुलगी आणि शेजारी हातभर आरसा सांभाळत तिचे मामा. पायाशी बादली, तिच्यात पुस्तकं.

“भाडं वाढलं, खोली सुटली. आता इथं काय राहिलंय तुझं?”

“शेवटचं वर्ष राहिलंय, मामा.”

“ते घरी बसूनही होईल, असं ठरलं होतं ना?”

“ते तुमचं आणि आईचं ठरलं होतं. मला कोणी विचारलं?”

“आणि ही नवी खोली! पाय पसरले की दाराला लागतात.”

“अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे तुम्हीच शिकवलंत.”

“जिभेला हाड नाही! निदान टेम्पो तरी करायचास.”

“बस आहे की. सकाळपासून तिसरी खेप. कंडक्टरकाका आता माझ्याआधी गादीची चौकशी करतात.”

“ताईनं बजावलंय, सामानासकट घेऊन ये. रिकाम्या हातानं गेलो तर मला दारात उभं करणार नाही ती.”

“रिकाम्या हातानं कशाला? हा आरसा न्या. नव्या खोलीत तो मावतच नाही. सामान आणलं म्हणून सांगा.”

“आणि पोरगी?”

“ती राहिली म्हणून सांगा.”

“ताईला काय, आरशात तू दिसणार आहेस?”

“दिसेन की. माझा हट्ट तिचाच आहे.”

तेवढ्यात बस आली. मुलीनं गादी एकटीनंच उचलायला घेतली. मामा माझ्याकडे वळले.

“बाई, एवढा आरसा जरा धरता का? गादी चढवायचीय.”