घरच्या मुलीसारखी

— नाही नाही, करते ना सही, करणार नाही असं कुठं म्हटलं मी! तुम्ही आधी बसा तरी, एलोइझाताई. ती खुर्ची नको, तिचा पाय डुगडुगतो, इकडं खिडकीपाशी या. राजधानीतून तीन तास गाडी हाकत आलात, वाटेत काही खाल्लंही नसेल, तोंड बघा कसं उतरलंय. मक्याचा केक आहे सकाळचा, कॉफी गाळतेच आहे. अहो, कागद काय पळून जातोय? ठेवा टेबलावर. दोना कशा आहेत, तुमच्या आई? झोप नाही ना? वाटलंच मला. पूर्वीसुद्धा सरकारी पाकीट आलं की त्यांची झोप उडायची, साधं विजेचं बिल आलं तरी. आणि हे तर कामगार खात्याचं. काय लिहिलंय म्हणालात? ‘एका बाईला एक्कावन्न वर्षं बिनपगारी राबवलं, खुलासा करा’ — असंच? अगदी ‘राबवलं’? अरे देवा.

पण त्या झुसाराला बोल लावू नका हं. ती गुणी पोर आहे, शाळेत शिकवते, मंगळवारी आम्हा म्हाताऱ्यांना अक्षरं शिकवते, एक पैसा घेत नाही. चुकलं असेल तर माझ्या जिभेचं. तेरा मेला आमच्या रोझरी मातेच्या मंडळाची सभा होती — गुलामी उठली तो दिवस, दरवर्षी असते. आधी प्रार्थना, मग ढोल, मग राजकन्येच्या तसबिरीला फुलं, तिच्या सहीनं आम्ही सुटलो म्हणून. यंदा झुसारानं ती तसबीरच उतरवून ठेवली. झालं! जेरवाझियोबाबा काठी आपटत उठले — ‘माझी आजी हिच्यापुढं मेणबत्ती लावायची, तू कोण गं काढणारी?’ तर ही म्हणते कशी, ‘बाबा, अख्ख्या अमेरिका खंडात सगळ्यात शेवटी सोडलं आपल्या ब्राझीलनं, आणि त्या कायद्यात वाक्यं किती? दोन. गुलामी संपली, हे एक. आधीचे नियम रद्द, हे दुसरं. तिसरं कुठाय? जमीन कुणी दिली? पाटी कुणी दिली? फाटक उघडलं आणि म्हणाले, जा.’ बाबा म्हणाले, ‘फाटक उघडलं ते काय कमी झालं?’ — आणि मग जो गलका! मला असले वाद सोसत नाहीत. मी आपली माळेचे मणी ओढत बसले.

मग ती म्हणाली, ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या घरात काम केलं त्यांनी उभं राहा. निम्मा हॉल उभा राहिला, बायाच बाया. मी बसून राहिले. ताठ! शेजारच्या बेनेदितानं कोपर मारलं — ‘ऊठ की गं, गुडघे धरलेत का?’ मी म्हटलं, मी का उठू? मी कामाला नव्हते. मी घरच्या मुलीसारखी होते. मोठ्यानं म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. तुमच्या घराची शोभा राखली हो मी! झुसारा म्हणाली, वा मावशी, सांगा ना मग. आणि मला कुणी कधी सांगा म्हटलेलं नाही, त्यामुळं मी सुटलेच. ती विचारत गेली, जेवायला कुठं बसायचात? — बसायचं कशाला, चुलीपाशी उभ्यानं, सगळ्यांचं आटोपलं की. पण तेच जेवण हं, वेगळं नाही! खोली होती? — होती की, माझी स्वतःची, कपडे धुवायच्या मोरीमागं. खिडकी नव्हती, पण दार उघडं ठेवलं की छान उजेड यायचा. शाळा? — शाळेत रोज मीच जायचे, एलोइझाताईंना सोडायला, फाटकापर्यंत. सुट्टी? — मुलीला घरातून कसली सुट्टी? असं सगळं अभिमानानं सांगत होते मी, आणि बघते तर ढोलवाल्यांनी ढोल खाली ठेवलेले. बेनेदितानं माझा हात इतका घट्ट धरला की मला वाटलं हिला चक्कर आली. पाणी आणा, म्हटलं, हिला पाणी द्या! मग झुसारा जवळ बसून म्हणाली, मावशी, हे लिहून वर पाठवू का? पाठव म्हटलं. मला वाटलं मंडळाच्या वार्षिक पुस्तकात छापणार. फोटोसुद्धा दिला मी, निळ्या झग्यातला.

हसलात! बरं झालं हसलात. तुमचं हसू अजून चार वर्षांच्या पोरीचं आहे.

प्रेम होतं? होतं ना. कोण म्हणतं नव्हतं? घटसर्प झाला होता तुम्हाला, आठवणार नाही तुम्हाला, श्वास घेताना शिट्टी वाजायची. दोनांना बघवेना, त्या खोलीतून निघून गेल्या. मी तुम्हाला मांडीवर उभं धरून बसले आणि रोझरी मातेला नवस बोलले — पोर वाचव, सात वर्षं तुझ्या झेंड्यामागं अनवाणी चालेन, डोक्यावर दगड घेऊन. पहाटे शिट्टी थांबली. मला वाटलं, गेली. पण तुम्ही डोळे उघडून कॉफी मागितलीत, चार वर्षांच्या पोरीनं कॉफी! पण मिरवणूक असते ऑक्टोबरातल्या रविवारी, आणि त्या रविवारी आपल्याकडं तीस माणसांचं जेवण. दोना म्हणाल्या, देवीला कळतं सगळं, पुढच्या वर्षी जा. पुढच्या वर्षी तुमच्या आत्याचं लग्न. त्याच्या पुढच्या वर्षी — मला आता आठवतही नाही. अडतीस वर्षं ढोल स्वयंपाकघरातून ऐकले मी. तुम्हाला सर्दी झाली तरी मला वाटायचं, हे माझ्या राहिलेल्या नवसामुळं. नाही, तुला कधी बोलले नाही. तुला कशाला बोलायचं? — तुला म्हटलं मी? बघा, जीभच अशी. तुला पंधरावं लागलं तेव्हा दोनांनी बजावलं होतं, आजपासून एलोला तुम्ही म्हणायचं. तू त्या दिवशी इतकी रडलीस, म्हणालीस, फिजिना माझ्यावर रागावली. राग कसला बाळा. हुकूम होता.

आता चालते ना मिरवणुकीत. घर विकलं तेव्हापासून चालते, तीन वर्षं झाली, चार राहिली. दोनांनी त्या दिवशी मला जुनी चूल दिली, रेडिओ दिला आणि फाटकात हात हातात घेऊन म्हणाल्या, ‘फिजिना, आता तू मोकळी.’ मी त्या फाटकात उभी, चूल एकीकडं, रेडिओ एकीकडं, आणि कुठं जायचं ते... जाऊ दे. मंडळानं ही खोली दिली. माता कुणाला वाऱ्यावर सोडत नाही.

आण तो कागद. नको, तू वाचू नकोस, मी वाचते. अगं येतं मला, हळू येतं, बोट ठेवून. ‘मी, इफिजेनिया दे जेझुस’ — बघ, माझं नाव छापलेलं किती बरं दिसतं! ‘वयाच्या नवव्या वर्षापासून’ — बरोबर. ‘दोना ओदेती यांच्या घरी, घरच्या मुलीसारखी’ — हं, लिहिलंय तसंच. ‘स्व... स्वखु...’ जोडाक्षर आलं की मी अडते. थांब, सांगू नकोस. ‘स्वखुशीने राहिले.’

स्वखुशीने.

आईनं माझं बोट फाटकाशी सोडलं. म्हणाली, दोन दिवसांत न्यायला येते. मी पुढच्या पायरीवर बसून असायचे, तर दोना म्हणायच्या, पुढं नाही बसायचं, मागं बस. मागून रस्ता दिसत नव्हता. आई आली असेलही एखादे वेळी, मला काय माहीत. हे मी झुसारालाही सांगितलेलं नाही. तुलाच सांगतेय.

बाकी सगळ्यावर करते सही. मुलीसारखी म्हणा, प्रेमानं म्हणा, सगळ्यावर. हा एवढा शब्द खोड. — नाही खोडता येत? वकील काय म्हणाले? तो शब्द नसेल तर कागदाचा उपयोग नाही? म्हणजे बघ, अख्खा कागद त्या एका शब्दावरच उभा आहे.

घे. घडी नीट घाल, कॉफी सांडलीय टेबलावर. दोनांसाठी मी रोज माळ जपते, उद्याही जपेन, तसं सांग त्यांना. मला त्यांचं वाईट व्हायला नकोय गं. पण मी देवीपुढं उभी राहते, तिथं खोटी सही घेऊन कशी उभी राहू? तू नंतर ये. मिरवणुकीला ये, कागद न घेता ये, मी तुझ्यासाठी केक करून ठेवीन. आता ऊठ. घाट उजेडात उतरायला हवा.

नाही, मिठी नको मारूस. रडतेस काय अशी, चारच वर्षांची असल्यासारखी? तिकडंच उभी राहा. मिठी मारलीस तर मी करीन सही. जा.