उरले तितके मिसकॉल

बघा, निघून गेलं तोंडातून. हे तुम्हाला सांगायचं नव्हतं मी, मॅडम. आईनं बजावून ठेवलंय — कॉलेजच्या चौकशी समितीतल्या मॅडम येतील, त्यांना पाणी दे, बाबा झेरॉक्सला गेलेत एवढंच सांग आणि आत ये. आणि तुम्ही तो फोटो पुढं केलात, पाखराच्या पायातला लाल दोरा कुणी बांधला म्हणून विचारलंत, आणि मी पटकन म्हणाले, मी. आता म्हणालेच आहे तर खरं ते सांगते. मीच बांधला. दहाच्या दहा पाखरांना. दोरा नाही तो, लोकर आहे, शाळेत विणकामाला आणलेली उरली होती. उठू नका ना मॅडम, बसा की. आईला ऐकू जात नाही. ती भजी तळतेय तुमच्यासाठी आणि स्वयंपाकघरातला तो एक्झॉस्टचा पंखा इतका वाजतो की दारावरची बेलसुद्धा कळत नाही तिला. तो बंद झाला की मी गप्प बसणार. चालेल?

मी एवढं बोलत नाही कधी. वर्गात बाई म्हणतात, मैथिलीला प्रश्न विचारला की आधी बाक उत्तर देतो, मग ती. पण बाबांच्या कामाचं मला येतं सांगायला, सगळं येतं, कारण दीड वर्ष दर रविवारी मी बरोबर होते — पहाटेची एसटी, आजऱ्याला उतरायचं, तिथून जीप, मग चालत सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या खडकाळ पठारावर. तिथं त्या पवनचक्क्या आहेत, अठरा, आणि आणखी बावीस यायच्या आहेत. त्यांच्या पात्यांना पक्षी धडकतात का, धडकले तर किती, ते मोजायचं बाबांनी ठरवलं. कुणी सांगितलं नव्हतं. घरात आई म्हणालीच, झूलॉजी शिकवता ना, मग शिकवा की, मोजता कशाला. पण बाबांचं तसं आहे — ठरलं की ठरलं. मला का नेत होते? त्यांना दिसत नाही, म्हणून. चष्मा लावून पण वाळलेल्या गवतात तपकिरी पाखरू त्यांना दिसत नाही, त्याच्यावर पाय पडायचा. मला दिसतं. पहिला भोवत्या मलाच दिसला होता. भोवत्या म्हणजे शिकारी पक्षी मॅडम, घारीसारखा, पण बारीक, थंडीत कुठून कुठून लांबून येतो आणि गवताला पोट टेकेल इतका खाली उडतो. बारा नंबरच्या पवनचक्कीखाली पडला होता. एक पंख होता. दुसरा मी शोधत बसले, आणि बाबा म्हणाले, पंख राहू दे, आधी वेळ लिही. सात वाजून चाळीस मिनिटं. वहीत आहे, माझ्या अक्षरात.

तर ती दहा पाखरं. तुम्ही केमिस्ट्रीच्या, तुम्हाला पटेल बघा. मेलेलं पाखरू तिथं आठवडाभर पडून राहत नाही — कोल्हा येतो, कुत्री येतात, कावळे तर असतातच. आम्ही जाणार रविवारी. मग रविवारी दोन सापडली म्हणजे दोनच मेली का? नाही ना? मग काय करायचं? आपणच दहा मेलेली पाखरं ठेवायची, जागा लिहून, आणि बघायचं किती उरतात. दहातली तीन उरली तर कळतं, आपल्याला दहातली तीनच दिसतात, बाकीची कोल्ह्याच्या पोटात. मग आपल्याला सापडलेल्यांचा खरा हिशेब लागतो. आणि आपली ठेवलेली चुकून मोजणीत धरली जाऊ नयेत, म्हणून त्यांच्या पायात खूण. एवढंच. बाहेरच्या देशातपण असंच करतात, बाबांनी दाखवलं होतं मला. कळंब्याच्या पुढं एकांची बटेरांची पोल्ट्री आहे, तिथं आपोआप मेलेले बटेर ते बाजूला ठेवायचे आमच्यासाठी. आईनं फ्रीजला हात लावू दिला नाही — देवाचं दूध आहे त्यात, म्हणाली — म्हणून गॅलरीत थर्मोकोलच्या खोक्यात बर्फ घालून. शनिवारी रात्रभर मांजर त्या खोक्याभोवती फिरायचं.

आणि रोज कोण मोजणार? आम्ही तर इथं राजारामपुरीत. ते कृष्णातमामा मोजायचे. खरे मामा नव्हेत. सड्याखालच्या गावचे, म्हशी आहेत त्यांच्या, आणि पवनचक्क्यांवर वॉचमन होते. त्यांचा फोन साधा, बटणांचा, आणि मेसेज लिहायला येत नाही म्हणाले. मग बाबांनी आणि त्यांनी ठरवलं — संध्याकाळी सहाला फेरी मारायची आणि जितकी उरली तितके मिसकॉल द्यायचे. सात उरली, सात मिसकॉल. बाबा फोन टेबलावर ठेवून बसायचे आणि मी वही घेऊन, आणि फोन वाजून थांबायचा, वाजून थांबायचा, आणि आई आतून म्हणायची, उचला तरी एकदा, तो माणूस मरतोय का काय तिकडं. एकदा अकरा आले. बाबा घाबरले, दहा ठेवलेली आणि अकरा कशी. फोन लावला तर मामा म्हणाले, "सर, एक चुकून लागला, त्यो धरू नका." असा माणूस आहे तो.

तुम्ही ते लिहून घेतलंत का, मिसकॉलचं? हसतील का समितीत? सभेत हसले होते. सभा म्हणजे गेल्या महिन्यातली, सड्याखालच्या गावात, मंगल कार्यालयात, नवीन बावीस पवनचक्क्या येऊ द्यायच्या का नाही म्हणून. मी शेवटच्या रांगेत बायकांच्यात होते. आधी बाबांना हार घातला, मॅडम. विरोधवाल्यांनी. त्यांना वाटलं सर आपले. त्यांच्यातले एक सयाजीराव म्हणून आहेत, ते बाबांच्या कानाला लागून म्हणाले, सर, पाखरांचं ऱ्हावू द्या, पवनचक्क्यांनी ढग पळत्यात आणि पाऊस कमी हुतो एवढं तुमच्या तोंडानं सांगा. आणि बाबा माईकवर काय म्हणाले? म्हणाले, पवनचक्कीनं पाऊस पळत नाही, तसा कुठलाच पुरावा नाही. झालं. निम्मा हॉल गेला. मग म्हणाले, कोळसा जाळण्यापेक्षा वाऱ्यावरची वीज बरी, पवनचक्क्या राहू देत. तेव्हा दुसऱ्या बाजूची पोरं टाळ्या वाजवायला लागली, ज्यांना तिथं नोकऱ्या लागणार आहेत ती. आणि टाळ्या संपायच्या आत बाबा म्हणाले, पण कड्याच्या धारेवरच्या चार पवनचक्क्या नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी तीन तास बंद ठेवा, आणि नवीन एकही धारेवर नको. तीपण पोरं गेली. मग त्या दहातल्या तीन पाखरांचा हिशेब सांगायला लागले तर मागून कुणीतरी ओरडलं, मास्तर, जेवाय सोडा. खरं सांगू? माझ्या शेजारची म्हातारी तेवढी ऐकत होती. ती म्हणाली, "माणूस खरं बोलतोय, पण कुणाच्याच कामाचं न्हाय."

आणि दोन दिवसांनी व्हिडिओ आला. तुम्ही बघितलाच असेल — सगळ्यांनी बघितलाय, आमच्या रिक्षावाल्या काकांनीसुद्धा. तीस सेकंद. बाबा गवतात वाकून मेलेलं पाखरू ठेवतायत, दोन पावलं मागं येऊन बघतायत, परत पुढं होऊन नीट सरळ करतायत. पाठीमागं पातं फिरतंय. वर लिहिलंय, पवनचक्कीखाली मेलेली पाखरं ठेवताना प्राध्यापक रंगेहाथ, आणि खाली ते गाढवाच्या हसण्याचं म्युझिक. एकानं लिहिलंय, विरोधवाल्यांनी नेमलाय. दुसऱ्यानं, कंपनीनंच नेमलाय, विरोधाला बदनाम करायला. आणि एकानं लिहिलंय, पायात लाल दोरा बघा, करणी करतोय. माझी लोकर, मॅडम. करणी. आणि आता आम्ही कितीही सांगितलं तरी काय सांगणार? पाखरं ठेवली का — हो, ठेवली. पवनचक्कीखाली ठेवली का — हो. पुढचं ऐकायला कोण थांबतंय? बाबांनी चार पानी खुलासा लिहून टाकला, खालचा पहिलाच शेरा होता — एवढं मोठं कोण वाचणार. त्या नवीन बावीस पवनचक्क्यांच्या अहवालाला आमची वही जोडणार होते, ती परत पाठवली. दीड वर्षात खरीखुरी एकोणीस सापडली होती. बिनादोऱ्याची. आता म्हणतात तीपण तुम्हीच ठेवली असतील.

व्हिडिओ कुणी काढला, ते तर तुमच्या कागदात आहेच. बाबांनी लिहून दिलंय. तिथं तिघंच होतो — बाबा, मी, कृष्णातमामा. बाबांना वाटतं मामांनी दुसऱ्या कुणाच्या फोनवर काढला, कंपनीच्या साहेबानं काढायला लावला. त्यांनी फोन केला होता मामांना. बाबा कधी आवाज चढवत नाहीत, त्या दिवशी चढवला. मी इथं उभी होते, या पडद्यापाशी. फोनचा आवाज मोठा होता, मामांचं ऐकू येत होतं. ते एकच म्हणाले. "व्हय सर." बाबा बोलत राहिले आणि ते मधे मधे — व्हय सर. व्हय सर. आणि तिकडं कंपनीनं त्यांना कामावरून काढलंच होतं, बाहेरच्या माणसाला आत सोडलं म्हणून.

पंखा चालू आहे ना अजून? हां.

त्यांनी बघितलं होतं, मॅडम. मामांनी. मी व्हिडिओ काढताना. ते माझ्या शेजारीच उभे होते, म्हणाले, काढ की, बाबाचं काम हाय, काढ. आईचा जुना फोन आहे माझ्याकडं, क्लासच्या नोट्ससाठी. मी काढला. मला वाटलं — काय वाटलं? माझे बाबा किती नीट ठेवतात ते बघावं कुणीतरी. सरळ करतात ना ते पाखरू शेवटी, ते बघावं. व्हिडिओ जवळजवळ दोन मिनिटांचा होता. पुढं मामा विचारतात, सर, ही कशापायी ठिवायची, आणि बाबा सांगतात, सगळं, कोल्ह्याचं, दोऱ्याचं, दहाचं. सगळं होतं त्यात. पण ते वाऱ्यात नीट ऐकू येत नव्हतं, आणि स्टेटसला एवढं लांब कोण बघतं? म्हणून मी कापला. पहिले तीस सेकंद ठेवले. चांगले तेवढेच दिसत होते. खाली लिहिलं, माझे बाबा. प्रियदर्शनी माझ्या बाकावर बसते, तिनं मागितला, मी दिला, तिनं तिच्या सख्ख्या मामांना पाठवला, ते त्याच सड्याखालच्या गावचे म्हणून, कौतुकानंच. महिनाभर कुणी ढुंकून बघितला नाही. सभा झाली आणि मग सापडला तो कुणाला तरी.

पूर्ण व्हिडिओ? नाही. नाही आता. ज्या दिवशी तो तीस सेकंदांचा सगळीकडं फिरला त्या दिवशी मी आईला सांगितलं आणि आईनं दार लावून घेतलं. म्हणाली, तुझं दहावीचं वर्ष, तुझं नाव यात यायला नको, आण तो फोन. मीच दिला. तिनं आधी व्हिडिओ पुसला आणि मग ती रडली, कारण पुसल्यावर मी तिला विचारलं, आई, त्यातलं पुढचं ऐकलंस का? तिनं ऐकलंच नव्हतं. फोनच्या दुकानातपण जाऊन आलो आम्ही, गुपचूप. तो म्हणाला, परत येत नाही. बाबांना यातलं काहीच माहीत नाही. ते अजून सहा वाजले की फोनकडं बघतात. ज्या दिवशी बाबा मामांवर ओरडले ना, त्या दिवशी सहाला मिसकॉल आले. दोन. नोकरी गेलेली, वरनं एवढं ऐकून घेतलेलं, तरी तो माणूस सड्यावर जाऊन मोजून आला. बाबांनी फोन उलटा करून ठेवला. मी लिहिलं वहीत. त्या आठवड्यात ठेवलेल्या दहातली दोन उरली. दुसऱ्या दिवशी एक. मग नाही आला. काहीच उरलं नसेल तर मिसकॉल कसा देणार, असं पण असेल ना? की रागावले असतील? ते कळायला काही मार्गच ठेवला नव्हता आम्ही.

काल मीच लावला त्यांना फोन. म्हणाले, मैथिली, तू ल्हान हाईस, तुझं नाव कशाला गं, माझ्या म्हशी हायत की. अभ्यास कर म्हणाले.

मॅडम, तुम्ही पेनचं टोपण लावलंत. का? माझं सांगणं चालत नाही? वय — हो, पंधरा. पालकांची सही लागते, तरच ते कागदावर धरतात. आई नाही करणार सही. आणि बाबांची घ्यायची तर बाबांना सांगायला लागणार, आणि बाबा — ते त्या दिवशी मामांना म्हणाले होते, तुझ्यावर मी पोटच्या पोरासारखा विश्वास टाकला. मी पडद्यामागं होते. आता मी कसं सांगू त्यांना? तुम्ही सांगाल? नको, तुम्ही नको. असं करा ना मॅडम, सही मागाहून. सही मी आणते कुठूनतरी, आज नाही तर उद्या, आधी कागदावर येऊ दे. माझं अक्षर चांगलं आहे, द्या, मीच लिहिते. नाहीतर तुम्ही लिहा, मी सांगते हळू. सदर व्हिडिओ कृष्णात यांनी काढलेला नाही. हां, काढलेला नाही. त्यांचा यात काही दोष नाही. तो व्हिडिओ —

आले, आई. नाही गं, कुठं काय बोलतेय. पाणीच देत होते.